तुलनेचं पाणी

पेठेच्या कोपऱ्यावर तेरड्याच्या जुड्या घेऊन बायका बसायला लागल्या की गौरी जवळ आल्या असं समजायचं. मुळांना चिखल तसाच, पानांवर पाणी शिंपडलेलं, गुलाबी फुलं अर्धी मिटलेली. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत सून म्हणून आले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण तो ओला, हिरवट वास नाकात गेला की मन आपोआप माहेरच्या वाटेला लागायचं. यंदा वास आला आणि तीच वाट नकोशी वाटली.

"घ्या की ताई, सकाळीच उपटून आणलाय," तेरडेवाली म्हणाली. मी माहेरीच निघाले होते. तिथे ओढ्याच्या काठाने तेरडा नुसता माजलेला असतो, विकत घ्यायचं काहीच कारण नव्हतं. तरी मी जुडी उचलली आणि तोंडातून निघून गेलं, "कुठल्या पाण्याजवळचा हा?" तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तेरड्याला गाव इचारणारी तुमीच पयल्या," म्हणाली आणि शेजारणीकडे बघून हसली. मीही हसले. पण तो प्रश्न मी एक वर्ष उशिरा आणि भलत्याच बाईला विचारला होता.

माझं माहेर जोतिबाच्या डोंगराकडच्या अंगाला. डोंगरावरून उतरणारा ओढा आमच्या शेताला वळसा घालून खाली जातो आणि पुढे बरीच गावं ओलांडून पंचगंगेला मिळतो. आमच्या शेताच्या टोकाला, उंबराखाली, एक दगडी पाणवठा आहे. त्याला सगळे 'गौरीचा पाणवठा' म्हणतात. भाद्रपदात आमच्या भावकीतल्या बायका तिथूनच गौर आणतात. तेरड्याचे डहाळे धुवायचे, तांब्या भरायचा, आणि जी गौर घेणार तिने त्याच पाण्याची चूळ तोंडात धरायची. घरापर्यंत गिळायची नाही, थुंकायची नाही, मागे वळून बघायचं नाही आणि बोलायचं तर नाहीच. बाकीच्या मुली तिला हसवायचा प्रयत्न करतात. मी लहान असताना एकदा हसले होते आणि सगळं पाणी हौसाकाकीच्या नव्या लुगड्यावर उडालं होतं. काकी अजून ते विसरलेली नाही.

त्या पाण्याची चव मला आजही सांगता येईल. थंड, थोडी उंबराच्या पानांची, थोडी दगडाची. पाणी म्हटलं की माझ्या जिभेला तेच आठवतं.

पुढे मी शिकले, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले आणि पाण्याचाच अभ्यास अंगावर घेतला. शेतात मारलेलं औषध पावसाबरोबर, धुण्याबरोबर ओढ्यात किती उतरतं आणि तिथल्या जिवांचं काय करतं, हा माझा विषय. औषध हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. वांग्याला औषध, कोबीला औषध, झेंडूला औषध. मारायच्या वस्तूला औषध म्हणत म्हणत आम्ही सगळे मोठे झालो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

या कामात पाण्यातले बारीक जीव लागतात. सुईच्या टोकाएवढे, पारदर्शक, बरणीत टुणटुण उड्या मारत पोहणारे. घरात त्यांना 'तुझी जनावरं' म्हणतात. ओढ्यावरून ठिकठिकाणचं पाणी आणायचं, त्यात हे जीव सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी कोण पोहतंय, कोण तळाशी बसलंय ते बघायचं. यंत्रांनीही पाणी तपासता येतं, पण ते खर्चिक, आम्हाला क्वचितच परवडतं. शिवाय यंत्र नुसता आकडा देतं आणि हा जीव जगून दाखवतो किंवा मरून दाखवतो. म्हणून माझा विश्वास त्याच्यावर जास्त.

आणि एक लागतं ते तुलनेचं पाणी. खालच्या गावातलं पाणी वाईट आहे असं म्हणायचं, तर कशाच्या मानाने वाईट? त्यासाठी त्याच ओढ्यावरचं एक स्वच्छ ठिकाण धरायचं, जिथे अजून घाण मिसळलेली नाही. ते ठिकाण अभ्यासाचा पाया. मी ते निवडायला मिनिटभरही लावलं नाही. गौरीचा पाणवठा. कागदावर कारणं लिहिली ती अशी: डोंगराजवळ, वस्ती नाही, कारखाना नाही, वरच्या अंगाला रान. सगळी खरी. पण खरं कारण माझ्या जिभेवर होतं. ज्या पाण्याची चूळ धरून आम्ही देवी घरात आणतो ते पाणी स्वच्छच असणार, हे तपासून बघायचं मला सुचलंच नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला भर सभेत धारेवर धरलं असतं.

त्या पाण्यात माझी जनावरं मरायला लागली.

पहिल्यांदा मला वाटलं, बरणी नीट धुतली गेली नसेल. मी स्वतः बसून बरण्या धुतल्या. पुन्हा तेच. मग वाटलं, उन्हाळा फार आहे, जीव अशक्त आहेत. नियम स्पष्ट आहे: तुलनेच्या पाण्यातच जीव मरायला लागले तर ठिकाण बदलावं. मी बाटल्या बदलल्या. ठिकाण बदलायचं म्हणजे उंबराखालचं ते पाणी वाईट आहे असं म्हणायचं, आणि तसं म्हणायला माझी जीभ वळत नव्हती.

आमच्या कामात एक रीत आहे. जीव कधी कधी उगाचही मरतात. म्हणून तुलनेच्या पाण्यात जेवढे मरतील तेवढं मरण नैसर्गिक धरायचं आणि बाकीच्या सगळ्या ठिकाणांच्या मरणातून ते वजा करायचं. चांगली रीत आहे, सगळीकडे चालते. मी ती चालवली. आमच्या पाणवठ्यावरचं मरण मी अख्ख्या ओढ्यातून वजा केलं. उरलं ते फारच थोडं दिसलं. ओढ्याची तब्येत, एकंदरीत, बरी निघाली.

खालच्या अंगाला, पंचगंगेच्या जरा अलीकडे, आक्काताई राहतात. नमुने घ्यायला गेलं की त्यांच्या गोठ्याजवळूनच ओढ्यात उतरावं लागतं, तशी ओळख झाली. त्यांचं माहेर चांदीकामाच्या हुपरीचं, म्हणून पायात कायम चांदीचे जाड पैंजण; शेण काढतानासुद्धा. मी बाटल्या भरत असले की त्या कमरेवर हात ठेवून काठावर उभ्या राहायच्या. गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांनी मला सरळ विचारलं.

"बाई, तुमी एवढं पाणी नेतासा. नळाला पाणी येतंय तवा येतंय, न्हायतर न्हाय. म्हशीस्नी ओढ्याचं पाजू का नको, एवढंच सांगा."

मी म्हणाले, "वरच्या पाण्यात आणि तुमच्या पाण्यात फारसा फरक नाही, आक्काताई."

"मंजी चांगलं हाय?"

"काळजी करण्यासारखं काही दिसत नाही."

पहिलं वाक्य शब्दशः खरं होतं. खरोखरच फारसा फरक नव्हता. दोन्ही पाण्यांत सारखंच विष होतं. आक्काताईंचा चेहरा मोकळा झाला, त्यांनी मला दही दिलं, आणि मी ते खाऊन समाधानाने परत आले. आपल्या कामाचा कुणाला तरी उपयोग झाला असं वाटून त्या दिवशी मी फार खूश होते. आज त्या खुशीची आठवण मला चुकीपेक्षा जास्त टोचते.

मग गेल्या वर्षीच्या गौरी आल्या. माहेरवाशीण म्हणून गौर घ्यायचा मान माझा होता. आभाळ निवळलेलं, झेंडूचे वाफे पिवळेधमक, उंबराखाली ओल. मी डहाळे धुतले, तांब्या भरला, चूळ धरली. भावाची मुलगी अनुजा मला हसवायला पुढे पुढे नाचत होती. मी हसले नाही. दारात वहिनीने पायांवर दूधपाणी घातलं, मी चूळ तुळशीपाशी टाकली आणि गौरीने म्हणायची ती रीतीची ओळ म्हटली. सगळं नेहमीसारखं झालं.

जेवताना दादा खुशीत होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, आमच्या वडिलांनंतर, आबांनंतर, सगळं शेत त्याच्या एकट्याच्या अंगावर. झेंडूला त्या वर्षी दर बरा लागला होता. भाजीभाकरी खाता खाता तो वहिनीला चिडवत म्हणाला, "सगळं घर धुतलंय म्हणतीस, पर पंप कुणी धुतला? कालच पाणवठ्यावर न्हेऊन लख्ख धुऊन आणलाय. सणाला घरात इखाराचा वास नगं."

माझा घास हातातच राहिला. "कुठल्या पाणवठ्यावर?"

"कुठल्या मंजी? आपल्या. आबा बी तितंच धुवायचं की. घरात धुवायचं आसतंय व्हय आसलं?"

सण आला की आमच्याकडे सगळं धुतात. वाकळा, सुपं, बुट्ट्या, जनावरांच्या गळ्यातल्या घंटा. घरातलं अमंगळ घराबाहेर जाऊन वाहत्या पाण्यात सोडायचं आणि मग देवीला आत आणायचं. पाठीवरचा औषधाचा पंप सगळ्यात अमंगळ, म्हणून तो घरच्या हौदावर नाही, दूर पाणवठ्यावर, अगदी निगुतीने धुवायचा. तळाशी उरलेलं औषध ओतून, वारंवार विसळून. दादाने आळस म्हणून काही केलं नव्हतं. उलट, घराच्या पावित्र्याची त्याला जेवढी काळजी तेवढा तो पंप जास्त घासत होता. आणि फक्त सणालाच नाही. वर्षभर प्रत्येक फवारणीनंतर तिथेच. आमची भावकी मोठी आहे. सगळ्यांचे पंप तिथेच.

त्या दिवशी मी ताटावर काही बोलले नाही. सण होता. दुसऱ्या दिवशीही बोलले नाही, कारण आधी खात्री करायला हवी. शास्त्र शिकलेल्या माणसाला गप्प बसायला हे कारण फार उपयोगी पडतं. मी डोंगरात आणखी वर, रानात चढून गेले, तिथलं पाणी आणलं, बरण्या मांडल्या. माझी जनावरं त्यात दुसऱ्या दिवशीही टुणटुण पोहत होती. पाणवठ्याच्या बरणीत सगळी तळाशी.

हिवाळ्यात मी अहवाल दुरुस्त केला. 'पूर्वी निवडलेले तुलनेचे ठिकाण अयोग्य आढळल्याने निष्कर्षांत बदल करण्यात येत आहे.' असं एक वाक्य लिहिलं. बदल करण्यात येत आहे. कोण करतंय, का करतंय, कुणाच्या ओढ्यात, काही नाही. वरिष्ठांनी पाठ थोपटली; चूक आपणहून सांगणारी माणसं कुठे मिळतात, म्हणाले. ते वाक्य वाचणारी माणसं ओढ्याचं पाणी पीत नाहीत, आणि जी पितात ती हे वाक्य कधी वाचणार नाहीत, हे मला लिहितानाच कळत होतं. तरी त्या रात्री मला छान झोप लागली, याची लाज आता वाटते.

आक्काताईंकडे जायचं मी रोज ठरवत होते. कधी परीक्षा आल्या, कधी पेपर तपासणी, कधी घरचं आजारपण. नमुने घ्यायचं काम संपलं होतं, त्यामुळे तिकडे जायला निमित्तही नव्हतं. पंचगंगेच्या पुलावरून जाताना मी खाली बघायचं टाळायला लागले. पुलावर सगळे वाकून पाणी किती चढलंय ते बघतात. मी दुकानांच्या पाट्या वाचायची. मला आक्काताईंची भीती वाटत नव्हती. आणि माझं नाव बिघडेल म्हणूनही मी थांबले नव्हते, ते तर कागदावर आणखी उजळलं होतं. मला जड जात होतं ते वाक्य वेगळंच होतं: तुमच्या म्हशींना जे पाजलं गेलं ते माझ्या भावाच्या पंपातून आलं, आणि ते मला दिसत असून मी वजा केलं. ते म्हणायचं तर दादाचं नाव घ्यावं लागणार होतं. ज्या दादाने स्वतःची शाळा सोडून मला शिकवलं त्याचं.

यंदा मी माहेरी पोचले तेव्हा पंप गोठ्याच्या खुंटीला उलटा टांगलेला होता. ओला. खाली थेंब पडत होते. माझ्या हातातली विकतची जुडी बघून वहिनी हसायला लागली, "वन्सं, तेरडा इकत घितला व्हय! कोल्लापूरकर झालासा." मी तिला बाजूला सारून दादाकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. उभ्या उभ्या, एका दमात, गाडी सुटेल अशा घाईने.

दादा खाली बसला.

"मी काय चोरी केली व्हय, वैशे? आबांच्या आदीपास्नं तितंच धुत्यात सगळी."

"तुझी चूक नाही म्हणत मी."

"मग कुणाची म्हणतीस?" मग त्याने मान वर केली. "गेल्या वर्साला कळ्ळंतं तुला. मग गेल्या वर्सालाच का न्हाय सांगिटलंस? वरीसभर मी धुतोय की त्यात!"

सण होता, हे मी म्हणून पाहिलं. माझ्याच कानाला ते खोटं वाटलं. दादा उठला आणि अंगणाच्या टोकाला जाऊन उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "बायकास्नी तूच सांग. माजं नाव घे. कुणाचंतरी म्हणू नगंस."

गौर घ्यायची यंदा अनुजाची पाळी होती. नवी साडी, केसात झेंडू, आणि चेहऱ्यावर असा भाव की जगातली सगळ्यात मोठी जबाबदारी आपल्यावर आहे. उंबराखाली बायका जमल्या. तिने डहाळे बुडवले, तांब्या भरला आणि चूळ घ्यायला ओंजळ तोंडाशी नेली. मी तिचा हात धरला. पाणी आमच्या दोघींच्या मनगटांवरून खाली गेलं.

"नको, अनु. हे पाणी तोंडात घेऊ नको."

मी सांगितलं. दादाचं नाव घेतलं, आमचं सगळ्यांचं घेतलं, माझं शेवटी घेतलं. तेवढी भित्री मी तिथेही होतेच. बायका ऐकत होत्या. कुणी रागावलं नाही, कुणी खोटं म्हणालं नाही. मला वाटतं भांडण झालं असतं तर सोपं गेलं असतं. फक्त हौसाकाकी बोलली, "आन आमी गेल्या वर्साला तुज्या मागनं चालत आलो. तुज्या तोंडात बी ह्येच हुतं."

"हो, काकी."

"तवा तुला ठावं नव्हतं. फुडं ठावं झालं, तर येऊन सांगू नये?" आणि तिने तोंड फिरवलं.

अनुजाने तांब्या ओतून दिला. नुसते डहाळे उचलून आम्ही निघालो. ही वाट म्हणजे वर्षातली सगळ्यात मजेची वाट. एकीच्या तोंडात पाणी, बाकीच्यांच्या तोंडात गाणी आणि टिंगल. यंदा कुणाच्याच तोंडात पाणी नव्हतं. तरी घर येईपर्यंत कुणी बोललं नाही.

वहिनीने दारात पायांवर दूधपाणी घातलं आणि विचारायचं ते विचारलं, "गौराई, काय घिऊन आलीस?" अनुजाने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि हळू आवाजात रीतीचं उत्तर दिलं, "सुख घेऊन आले, धान्य घेऊन आले." गौर आत गेली. मी उंबऱ्याबाहेरच राहिले.

दादा जवळ आला. "खाली कोण पितंय का त्ये पाणी?"

"एक बाई आहेत. म्हशींना पाजतात."

"त्यास्नी सांगिटलंस?"

मी नकारार्थी मान हलवली. त्याने भिंतीवरची किल्ली काढली. वहिनी आतून ओरडली की निवद दाखवायचाय, गौर बसवून दोघं कुठं निघालासा. दादाने गाडीला किक मारली. "बस," एवढंच म्हणाला.

रस्ता ओढ्याच्या कडेकडेने जातो. भाद्रपदातलं ऊन पडलं होतं, पाणी मधूनमधून चमकत होतं, कुठे पोरं डुंबत होती, कुठे बायका तेरडा धूत होत्या. दादा प्रत्येक ठिकाणी गाडी हळू करत होता आणि बघत होता. त्याच्या पाठीमागे बसून मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, याचं मला बरं वाटलं.

आक्काताई गोठ्यातून पैंजण वाजवत बाहेर आल्या. मला बघून त्यांना खरंच आनंद झाला. "बाई! आवं, किती दिसानं! आन ह्ये भाऊ व्हय? बसा की पावणं, सणाचं आलासा." घोंगडं अंथरलं, आत गेल्या आणि गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या आणून दादापुढे ठेवला. ऊन डोक्यावर होतं. दादाने सवयीने तांब्याला हात घातला.

"थांब," मी म्हणाले. "आक्काताई, हे पाणी कुठलं?"

"ओढ्याचं की. तुमी सांगिटलासा न्हवं का, चांगलं हाय म्हणून? नळाची वाट बघायची सोडली बघा तवापास्नं. म्हशीस्नी त्येच, आमास्नी बी त्येच. उकळून घेतो मी, भिऊ नगासा."

दादाने तांब्यावरचा हात काढून घेतला. मी सांगायला सुरुवात केली. उकळून हे विष जात नाही, इथपासून. मग पाणवठा, मग पंप, मग मी काय वजा केलं ते. मध्येच दादा म्हणाला, "पंप माजा हुता, आक्का," आणि पुन्हा खाली बघत बसला. आक्काताई उभ्या राहूनच ऐकत होत्या. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. मी वाट बघत होते की त्या मला बोलतील, शिव्या देतील, निदान 'इश्वास ठिवला हुता' म्हणतील.

सगळं सांगून झाल्यावर त्यांनी तांब्या उचलला, अंगणाच्या कडेला नेऊन ओतला, आणि रिकामा तांब्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सणाच्या दिवशी दारात आलेल्या माणसांपुढे काय ठेवायचं, एवढीच अडचण होती.

"मग पावण्यास्नी आता द्यू काय, बाई?" त्यांनी मला विचारलं.